डिसेंबरपर्यंत

यंदा ऑगस्टात गोदावरी तीन दिवस उलटी वाहिली, असं मी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलेल्या सत्तावीस म्हाताऱ्यांना सांगितलं. सत्तावीसपैकी सव्वीस जणांनी माना डोलावल्या. सत्ताविसावे चिटणीस. ते निवृत्त न्यायाधीश, त्यामुळे मान डोलावण्याआधी त्यांना दोन प्रश्न विचारावे लागतात.

"उलटी म्हणजे कुठून कुठे, बोरस्ते?"

"नांदूर मधमेश्वरहून नाशिककडे. लोक घाटावर बसून हातानं मासे धरत होते. साहेब, तुमच्या पुतण्यानं एक नेला. चार किलोचा."

"कोणत्या पुतण्यानं?"

"थोरल्या."

चिटणीस उपम्याकडे बघत राहिले. थोरला पुतण्या मासे खात नाही हे त्यांना आठवत होतं, पण अकरा महिन्यांत माणूस काय काय खायला लागेल, सांगता येतं का?

हसू नका. तुम्ही जानेवारीत डोळे मिटले आणि थेट डिसेंबरात उघडले, तर मधलं सगळं तुम्हाला कोण सांगणार? मोबाईल आहेत, पेपर आहेत. पण उठल्यावर पहिले काही दिवस बोटं बधिर असतात आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात. त्या दिवसांत बातम्या सांगायला मी असतो. मला आयुष्यभर असे श्रोते मिळाले नव्हते.

मी रंगनाथ बोरस्ते. वय बहात्तर. निफाडच्या पुढे बारा किलोमीटरवर हेमंतवास नावाची वृद्धांची वसाहत आहे, तिचा मी यंत्रवाला. पूर्वी इथे द्राक्षांचं शीतगृह होतं. परदेशी जायच्या आधी द्राक्षं इथे थंड होऊन पडायची. तेव्हाही कॉम्प्रेसर मीच बघायचो. आता पेट्यांच्या जागी माणसं आहेत. कामात फारसा फरक पडलेला नाही. द्राक्षांना निदान नातेवाईक नव्हते, एवढंच.

ही झोप म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. यात थाप नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा एक भाग असतो. अंग किती तापवायचं, भूक केव्हा लावायची, हे तो ठरवतो. थंड मुलखातली अस्वलं हिवाळाभर झोपतात, आपल्याकडचा बेडूक उन्हाळाभर चिखलात पडून राहतो, ते त्या भागातल्या पेशींनी हुकूम दिल्यावर. बाहेर काही खायला नाही, चूल मंद कर, असा तो हुकूम. माणसाकडेही त्या पेशी आहेत, पण लाखो वर्षं त्यांना कोणी विचारलेलं नाही. शास्त्रज्ञांनी काय केलं, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा टोपीतून नेमक्या त्या ठिकाणी सोडल्या. पेशी जाग्या झाल्या आणि माणूस झोपला. अंग अठरा अंशांवर येतं. हृदय मिनिटाला चार ठोके देतं. शरीराची झीज बारा पटींनी कमी होते. म्हणजे वर्षभर झोपलेलं माणूस एका महिन्यानं म्हातारं होतं.

मुलांना ही गोष्ट फार आवडली. इथल्या बहुतेकांची मुलं परदेशात, आणि त्यांना सुट्टी मिळते ती डिसेंबरात. पूर्वी ती अकरा महिने धास्तावलेली असायची. आई बाथरूममध्ये पडली तर, बाबांनी गोळी घेतली नाही तर. आता आईबाबा काचेच्या आड शांत. पडत नाहीत, भांडत नाहीत. नाताळच्या आदल्या दिवशी उठायचं, संक्रांतीचा तिळगूळ खाऊन परत झोपायचं. मधल्या बावीस-तेवीस दिवसांत चांदण्या टांगायच्या, केक कापायचा, एकतीस तारखेला टोप्या घालायच्या, हुरडा खायचा, भोगीची भाजी करायची. हेमंतवासात कायम सणच चालू असतो, असं आमच्या जाहिरातीत लिहिलंय, आणि ते खरं आहे. माझ्या त्या सत्तावीस जणांना सणाखेरीज आयुष्यच नाही. त्यांनी दहा-दहा वर्षांत दिवाळी पाहिलेली नाही. आंबा खाल्लेला नाही. साधा मंगळवार त्यांच्या वाट्याला आलेला नाही.

त्या दिवशी नाश्त्याला सत्तावीस होते, पण उठणार होते अठ्ठावीस. अठ्ठाविसावी अजून तापत होती. थंड झालेल्या माणसाला तापवायला चाळीस तास लागतात, घाई केली तर हृदय बिघडतं. ती माझी बायको, सुवर्णा.

दहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचा स्नायू सैल पडत चालला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती, मी बासष्टचा. निहार, आमचा एकुलता एक मुलगा, कॅनडात हॅलिफॅक्सला नुकता लागला होता. सुवर्णानं पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. झोपेचा एक महिना आणि जागेपणाचा एक, असे वर्षाला दोन. म्हणजे दोन वर्षांत बारा हिवाळे. "बारा वेळा निहार भेटेल," ती म्हणाली. "एवढ्यात त्याचं लग्न होईल, मूल होईल. अजून काय पाहिजे?"

दाखल होताना एक फॉर्म भरावा लागतो. आपल्याला केव्हा जागं करावं, असा त्यात प्रश्न आहे. सगळे 'दरवर्षी'वर खूण करतात. तिनं खूण केली नाही. पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मुलगा येणार असेल तरच.'

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही काय, इथेच आहात. काचेतून मी रोज दिसणारच तुम्हाला."

"झोपलेली."

"तीस वर्षं माझं तोंड बंद करायला धडपडलात. आता आयतं मिळतंय तर घ्या."

ही बाई अशी. घरात नव्या कपबशा वीस वर्षं कागदात गुंडाळून ठेवल्या, पाहुण्यांसाठी. आम्ही दोघं कडी तुटलेल्या कपांतून चहा प्यायलो. तिनं तिचे दिवसही तसेच गुंडाळून ठेवले.

निहार वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पहिली आठ वर्षं तो दर डिसेंबरात आला. पहिल्या दोन वर्षांत तर ती उठताना काचेबाहेर उभा राहून रडला. सून आली, नात आली. तारा तीन वर्षांची असताना सुवर्णानं तिला गूळपोळी भरवलीय. पण मरण एकदा लांबणीवर पडलं की सगळंच लांबणीवर पडतं. नवव्या वर्षी तो म्हणाला, "बाबा, आम्ही घर बदलतोय. आई काही कुठे जात नाहीये. पुढच्या वर्षी नक्की." त्या हिवाळ्यात तिला उठवलं नाही. दहाव्या वर्षी ताराला गोवर आला. तेव्हाही उठवलं नाही. फॉर्ममध्ये लिहिलेलं, आणि इथे फॉर्म म्हणजे फॉर्म. मी वसाहतीत राहणारा, त्यामुळे भेटायला आलेल्यांत मी मोडत नाही. नियमाप्रमाणे मी यंत्रसामग्रीत मोडतो.

आणि हा तिसरा हिवाळा. थंडीत मेंदूतल्या पेशी आपली बारीक टोकं आखडून घेतात, झाडानं पानं गाळावी तशी. ऊब मिळाली की टोकं पुन्हा फुटतात, एकमेकांना शोधतात, आणि माणसाला आपलं नाव आठवतं. दोन हिवाळे ऊब नाही मिळाली तरी चालतं. तिसराही चुकला तर टोकं फुटत नाहीत. माणूस उठतं, पाणी पितं, खिडकीतून बघतं. पण ते कोण, हे त्याला माहीत नसतं. आमच्या मागच्या दालनात असे चौघं आहेत. त्यांना उठवायचं नाही, असं ठरलेलं आहे.

सतरा डिसेंबरला निहारचा फोन आला की यंदाही जमत नाही.

"असं कर," मी म्हणालो, "ऑफिसातून फोन येईल. त्यांना सांग की येतोय."

"आणि आलो नाही तर?"

"तोवर आई उठलेली असेल. पुढचं माझ्यावर सोड."

"आईला काय सांगणार?"

"आजवर कधी मी अडकलोय का?"

तो हसला. त्याला हायसं वाटलं होतं. थाप मारायला रजा काढावी लागत नाही.

चोवीस तारखेला दुपारी दोन वाजता सुवर्णानं डोळे उघडले. मी ऊबखोलीत तिच्या पायांना गरम पिशव्या लावत होतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पहिलं वाक्य म्हणाली, "तुमचे पुढचे दात कुठे गेले?"

तीन वर्षांपूर्वी तिनं मला पाहिलं तेव्हा ते होते. मी पूर्वी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होतो, आता जवळजवळ पंधरा.

"तुझ्या आठवणीत झिजले."

"निहार उतरला?"

"हॅलिफॅक्सात बर्फ पडलाय. विमानतळ बंद."

"किती बर्फ?"

"धावपट्टीवर अस्वल झोपलंय. ते उठेपर्यंत विमान सोडता येत नाही, तिकडे प्राण्यांचे कायदे फार कडक."

ती हसली आणि तिला धाप लागली. मी यंत्राकडे पाहिलं. हिशेबात सहा महिने उरले होते, आणि त्यातला एक दिवस चालू झाला होता.

नाताळ झाला. रूथ साळवे आमच्याकडे आहेत, नाशिकला शरणपूरला वाढलेल्या, नर्स होत्या. दरवर्षी उठल्या उठल्या त्या बधिर बोटांनी करंज्या करतात. करंज्या वाकड्या होतात आणि त्या वाकड्याच आम्हाला लागतात. त्यांनी मराठी गाणी म्हटली. मी लाल झगा घालून नाताळबाबा झालो. गेटातून गाड्या येत होत्या, पोरं बॅगा ओढत होती, आज्या नातवंडांना ओळखायला डोळे बारीक करत होत्या. चिटणीसांच्या थोरल्या पुतण्यानं शपथेवर सांगितलं की त्यानं मासा नेलेला नाही.

सुवर्णा रोज दुपारी साडी बदलून गेटाजवळच्या व्हरांड्यात बसायची. मी रोज नवा अडथळा घेऊन जायचो. अस्वल उठलं, पण वैमानिक झोपला. वैमानिक उठला, तर विमानात भलत्याच गावचं तेल भरलेलं निघालं. तिच्या बाजूला बसलेल्या रूथबाई एकदा म्हणाल्या, "रंगाभाऊ, आता समुद्र आटवू नका म्हणजे झालं." सुवर्णा गेटाकडेच बघत होती. अन्विता, आमची व्यवस्थापक, तीस वर्षांची पोरगी, मला ऑफिसात बोलावून म्हणाली, "काका, मला अस्वल नका सांगू. तो येणार नव्हताच, हो ना?" तिनं रजिस्टरात 'विलंब' असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता मला जायला सांगितलं.

दोन जानेवारीला सुवर्णाच्या बोटांत जीव आला. तिनं रूथबाईंचा मोबाईल घेतला आणि निहारला लावला. मग कॉम्प्रेसरच्या खोलीत आली. इथे ती कधी येत नाही, अमोनियाच्या वासानं तिला मळमळतं.

"तो म्हणाला, यंदा जमणारच नव्हतं. बाबांनी सांगितलं नाही का, म्हणाला."

मी पाना खाली ठेवला.

"किती दिवस झाले मला उठून?"

"नऊ."

"माझे नऊ दिवस," ती म्हणाली. "कोणाला विचारून खर्च केलेत?"

मी तिसऱ्या हिवाळ्याचा नियम सांगितला. मागच्या दालनातले चौघं सांगितले. सगळं सांगून झाल्यावर म्हणालो, "मला विसरली असतीस."

"तुम्हाला होय. मला वाटलं त्याला."

"दोघांना."

"तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत," ती म्हणाली, "की तुम्हाला मी उठायला हवी होते. दहा वर्षांत नुसत्या नद्या उलट्या वाहवल्यात."

ते मला म्हणता आलं नाही. तेव्हाही आलं नाही. कॉम्प्रेसर चालू होता, हे कारण मी मनाशी दिलं. पुढचे पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. व्हरांड्यातही बसली नाही.

सात तारखेला हुरडा होता. शेतात शेकोट्या, गरम कणसं, दाण्याची चटणी, गूळ. मुलं-नातवंडं आलेले सगळे पलीकडे बसले होते, आम्ही न आलेल्यांचे अलीकडे. दाणे बघून कावळे उतरले. सुवर्णा ताटली घेऊन उठली तेवढ्यात एक कावळा थेट तिच्या डोक्यावर टेकला, अंबाड्यात पाय अडकले त्याचे, पंख फडफडवून उडाला.

रूथबाई हसल्या. सुवर्णा हसली नाही. डोक्यावरून हात फिरवत ती खाली बसली.

"माझ्या चांदोरीच्या चुलतआत्याच्या डोक्यावर बसला होता," ती म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि माझ्याकडे बघून. "फार अशुभ मानायचे. त्याच्यावर उपाय एकच. माहेरी खोटा सांगावा धाडायचा की ही मेली. तिकडे माणसं रडली की अपमृत्यू टळला. मग दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं. आत्याचे दोघं भाऊ येवल्याहून सायकली हाणत आले. धाकटा तर अनवाणी. येऊन बघतात तर आत्या भाकऱ्या थापतेय. आधी रडले, मग शिव्या घातल्या, मग जेवले."

"कधीपासून आले नव्हते?" रूथबाईंनी विचारलं.

"सहा वर्षं."

शेकोटीत एक कणीस फुटलं.

"कळवा त्याला," सुवर्णा मला म्हणाली.

"असल्या थापा मी मारत नाही."

"मग कसल्या मारता?"

"ज्यानं कोणी रडत नाही अशा."

"आजवर त्या पुष्कळ झाल्या. आता एक माझ्यासाठी मारा. मुद्दाम नाही मागत. कावळा बसलाय, तुम्ही पाहिलंत. रीत आहे ही."

रूथबाई उठून शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. त्यांना हे पसंत नव्हतं आणि आम्हाला थांबवायचंही नव्हतं.

संध्याकाळी पाचला मी फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. आम्ही दोघं आमच्या खोलीत खाटेवर बसलो होतो, फोन मध्ये, आवाज मोठा केलेला. कागदोपत्री तिचा पालक मी, त्यामुळे येणार का एवढं विचारण्यापलीकडे ऑफिसातून निहारला काही कळत नाही. जे कळायचं ते माझ्याच तोंडून.

"निहार, आई गेली रे."

मला वाटलं होतं आवाज कापेल, पकडला जाईन. आवाज सरळ गेला.

तो रडला. छत्तीस वर्षांचा माणूस पाच वर्षांच्या पोरासारखा, श्वास लागेपर्यंत. परवाच तर बोललो, परवाच बोललो, असं म्हणत राहिला. सुवर्णानं फोनकडे हात नेला. मी तिचा हात धरला नाही. तिनंच तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. तिच्या गालांवर पाणी होतं आणि चेहऱ्यावर, खोटं नाही सांगत, समाधान होतं. त्याच्या रडण्यातला एकेक हुंदका ती वेचून घेत होती.

मग मागे सुनेचा आवाज आला. विमान, शाळा, गुरुवार, असे शब्द ऐकू आले. निहारनं नाक पुसलं.

"बाबा, आत्ता निघालो तर पोचायला तीन दिवस. आणि चौथ्या दिवशी परत निघावं लागेल, इथे काम अशा ठिकाणी आलंय की…" तो थांबला. "बाबा, तिकडे ठेवायची सोय आहेच ना?"

"कसली?"

"म्हणजे आईला. तिथे थंडच असतं ना सगळं. डिसेंबरपर्यंत ठेवता येईल? मी महिनाभर येतो. सगळे येतो. घाईघाईत उरकण्यापेक्षा नीट करू, नाशिकला जाऊन, सगळे विधी. आता घाई तशी नाहीच ना. मी आजच तिकिटं काढून ठेवतो."

खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागांवर सूर्य कलला होता. रीत मला ठाऊक होती. मी तोंड उघडलं. "निहार, ऐक," एवढं म्हणालो आणि सुवर्णानं फोन बंद केला.

तिनं फोन बाजूला सरकवला. मग पदरानं तोंड पुसलं.

"येतोय म्हणाला ना?"

"डिसेंबरात."

"महिनाभर. सगळे."

"अगं, तुला जाळायला येतोय तो."

"येतोय ना पण. आजच तिकीट काढतो म्हणाला. दहा वर्षांत कधी जानेवारीत तिकीट काढलं होतं त्यानं?" ती उठली, केस सोडून पुन्हा अंबाडा घातला. "मग ठेवा मला."

"सुवर्णा, दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं असतं."

"मावळू द्या."

तेव्हा मी ते म्हणालो. दहा वर्षं उशिरा, आणि फार वाईट पद्धतीनं, कारण सवय नव्हती. म्हणालो, "झोपू नको. साडेपाच महिने आहेत. सलग जागी राहा. नुसती राहा इथे, माझ्यापाशी. सण नकोत. मार्च येईल, उन्हाळा येईल. आंबा येईल."

"आंबा," ती म्हणाली.

ती खरोखर विचार करत होती. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. गळा हलला.

"तो आला की खाऊ सगळे मिळून."

"डिसेंबरात आंबा नसतो."

"नसू दे," ती म्हणाली. माझ्या गालावर हात ठेवला, दात नाहीत त्या बाजूला. "तुम्ही रागावू नका हो. तुम्ही आहातच."

संक्रांतीपर्यंत ती थांबली नाही. ज्या दिवसांना पाहुणा नाही ते दिवस कशाला जाळायचे, असं तिचं म्हणणं. दहा तारखेला रूथबाईंनी घाईनं लाडू वळून तिच्या हातावर आगाऊ तिळगूळ ठेवला आणि तिला जवळ घेतलं. अन्वितानं फॉर्म पुढे केला. सुवर्णानं या वेळी लिहिलं, 'मुलगा आल्यावर'. टोपी घालताना मला म्हणाली, "आल्यावर त्याला नीट समजावून सांगा हं. चिडेल आधी. मग जेवेल."

अंग अठरा अंशांवर यायला सव्वीस तास लागले. मी खुर्ची घेऊन काचेशी बसलो होतो. शेवटपर्यंत तिच्या ओठांवर हसू होतं. थंडीत स्नायू आखडतात म्हणून असं दिसतं, असं डॉक्टर सांगतात. मी दहा वर्षं तिला झोपताना पाहतोय. आधी तसं कधी दिसलं नव्हतं.

संक्रांतीनंतर बाकीचे सत्तावीसही झोपले. आता मी एकटा आणि यंत्रं. निहार दर रविवारी फोन करतो. दहा वर्षांत त्यानं असे फोन केले नव्हते. आईचं तापमान विचारतो. वीज गेली तर जनरेटर आहे ना, विचारतो. तारानं आजीचं चित्र काढलंय, पंख लावून, ते त्यानं पाठवलं. तिकिटं आली आहेत, एकवीस डिसेंबरची, तिघांची. दर रविवारी मी ठरवतो की आज सांगायचं. दर रविवारी मला वाटतं, सांगितलं तर तो तिकिटं रद्द करेल. शपथेवर सांगतो, एवढीच भीती वाटते.

गेल्या रविवारी बोलणं संपलं तरी त्यानं फोन ठेवला नाही.

"बाबा, शेवटी काही म्हणाली का आई?"

या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ पन्नास उत्तरं होती आणि एकेक ऐकून तो रडला असता. मी त्यातलं एकही दिलं नाही. जे झालं होतं तेच सांगितलं.

"तू येणार म्हणून फार खूश होती रे. हसत डोळे मिटले तिनं."

तो म्हणाला, "बाबा, निदान आता तरी थापा मारू नका."